गाडी नवी, विंच शोभेची

नवीकोरी साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी-शेजारी बसायची, चिखल-दगडांत हिंडायची छोटी उघडी गाडी घेतलीत, अभिनंदन! परवा अशाच एका नव्याकोऱ्या गाडीला गुडघाभर चिखलातून उपसून काढण्यात पाच जणांचा अर्धा दिवस गेला. गाडीवर काय नव्हतं? छत, काच, स्पीकर, दोन लाइट बार, पुढे लालभडक हुकाची विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी विजेची चरखी. त्यातले चालत होते फक्त स्पीकर, तेही थोडाच वेळ. ही सिद्धी तुम्हालाही लाभावी म्हणून हा खटाटोप.

पहिलं काम म्हणजे गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल प्लॅस्टिकच्या पिशवीतून अजिबात काढायचं नाही. त्यात ब्रेक-इनचं रटाळ पुराण असतं: सुरुवातीचे वीस-पंचवीस तास थ्रॉटल सतत पूर्ण दाबून धरू नका, वेग बदलत ठेवा, जड ओझं ओढू नका, पहिलं ऑइल आणि ऑइल फिल्टर लवकर बदला. का, तर नव्या इंजिनात भाग एकमेकांवर बसताना निघालेले धातूचे बारीक कण त्या ऑइलमधून फिरत असतात. फिरेनात का, इंजिन गॅरंटीत आहे ना!

लो गिअर हा भित्र्यांसाठी दिलेला असतो. तुम्ही दगडातून रांगताना, चढावर, ट्रॉली ओढताना हायमध्येच राहा. या गाड्यांत इंजिनचा जोर एका रबरी बेल्टमार्फत चाकांकडे जातो. कमी वेगात हायमध्ये क्लच बेल्टला नीट पकडत नाही, बेल्ट घसरतो, तापतो आणि त्याच्या कडा आरशासारख्या गुळगुळीत होतात. गाडी जागेवर अडकलेली असताना थ्रॉटल दाबून धरलात तर बेल्ट एकाच ठिकाणी जळून कमरेत बारीक होतो, मग दर फेरीला धडधड ऐकू येते. तो आवाज आला की स्पीकर मोठा करा. शेवटी बेल्ट फुटला की त्याचे धागे क्लचच्या मागे गुंडाळलेले तसेच ठेवून नवा चढवा, म्हणजे तोही आधीच्याच वाटेने जाईल. पाण्यातून गेल्यावर बेल्टच्या झाकणाचा ड्रेन प्लग काढायचा, न्यूट्रलमध्ये थोडी रेस देऊन आतलं पाणी उडवायचं आणि मगच निघायचं, असली कामं फावल्या वेळेच्या लोकांची.

चाकांचे नट पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने तपासू नका. सुटलेलं चाक तसंही लक्षात येतंच.

टायर मात्र मोठेच हवेत. कंपनीचे २७ इंची काढून ३२ इंची घाला आणि क्लच तसाच ठेवा. टायर जवळपास १८ टक्के मोठा झाला म्हणजे गिअर तेवढाच उंच झाला. शिवाय फिरवायचं वजन वाढलं, आणि सगळा भार त्याच बिचाऱ्या बेल्टवर आला. त्यावर गाडी उंच करणारं सहा इंची लिफ्ट किट चढवा. सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा, कोन वाढला की त्यावरचं रबरी आवरण (बूट) घासून फाटतं, ग्रीस बाहेर येतं, वाळू आत जाते आणि वळताना कटकट सुरू होते. गुरुत्वमध्य वर गेल्यामुळे आडव्या उतारावर गाडी लोळण घेईल ते वेगळंच. अंगापेक्षा बोंगा मोठा असला तरी फोटोत बोंगाच दिसतो. आणि कसला तरी ब्रॅकेट लावायचा म्हणून रोल केजला भोकं पाडायला किंवा वेल्डिंग करायला विसरू नका. तो पिंजरा गाडी उलटल्यावर तुमचं डोकं वाचवायला आहे, हे कुठे रोज लागतं?

पुढे पूर्ण काच, मागे उघडं. हे कॉम्बिनेशन सर्वोत्तम. गाडी पुढे जाते तशी मागची हवा आत खेचली जाते आणि सगळी धूळ तुमच्या मानेवरून डॅशबोर्डवर येऊन बसते. मागचा पडदा किंवा काचेतली हवेची झडप हा फालतू खर्च. काच पॉलिकार्बोनेटची असेल तर धुळीसकट कोरड्या फडक्याने घासा, दोन आठवड्यांत धुक्यातून गाडी चालवल्याचा आनंद मिळेल.

एअर फिल्टरकडे बघूच नका. फिल्टरकडून इंजिनकडे जाणाऱ्या नळीत बोट फिरवून धूळ लागली तर ती सिलिंडरमध्येही पोचली आहे, असं म्हणतात. बोट फिरवलंच नाही तर प्रश्नच मिटला.

धुताना प्रेशर वॉशरची पिचकारी बेअरिंगच्या सीलवर, वायरिंगच्या जोडांवर आणि रेडिएटरच्या जाळीवर अगदी जवळून मारा.

आता वायरिंग. लाइट बार थेट बॅटरीला जोडा. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नको, फ्यूज तर नकोच. फ्यूज दिव्यासाठी नसून वायरीसाठी असतो, म्हणून तो बॅटरीच्या अगदी जवळ लावतात, हे ज्याला कळतं त्याची वायर पत्र्याच्या कडेवर घासली तरी जळत नाही. तुमची जळू द्या. पत्र्यातल्या भोकाला रबरी ग्रोमेट लावण्यापेक्षा चिकटपट्टीचे दोन वेढे द्या, पहिल्या पावसात ती आपसूक सुटते.

आणि विंच! विंच ही बंपरवर लावायची शोभेची वस्तू आहे, हे एकदा पक्कं करा. निवडताना गाडीचं रिकामं वजन बघा; माणसं, सामान, छत, बंपर आणि चिखलाचं ओढून धरणं धरून दीडपट क्षमता घ्यावी, हा हिशेब सोडून द्या. डब्यावर लिहिलेली ओढ ही ड्रमवरच्या पहिल्या थरावरची असते, दोराचे जितके जास्त थर ड्रमवर तितकी ओढ कमी, हेही विसरा. दोर जसा आला तसाच राहू द्या. कारखान्यातून तो सैल गुंडाळलेला येतो. तो पूर्ण सोडून, शेवटचे आठ-दहा वेढे ड्रमवर ठेवून, हलक्या उतारावर गाडीच्या भाराखाली ताणून परत गुंडाळायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ कुणाकडे आहे? मग खऱ्या ओढीला वरचा थर खालच्या सैल थरांत रुततो, दोर ड्रममध्येच अडकतो, ना आत जातो ना बाहेर येतो. त्यात बॅटरी. १२० वॅटचा एक लाइट बार १२ व्होल्टवर १० अँपिअर खातो, तुम्ही दोन लावलेत, वर अँप्लिफायर, आणि इंजिन बंद ठेवून तासभर गाणी. पूर्ण भाराखाली विंचला दोनशेच्या वर अँपिअर लागतात. या गाड्यांचं चार्जिंग आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, जेमतेम असतं. एवढे अँपिअर आणायचे कुठून? तर म्हणे, विंच डुप्लिकेट निघाली! नाचता येईना, अंगण वाकडं.

आणि मग त्या बंद विंचवाल्या गाडीला ओढायला दुसऱ्याची गाडी बोलवायची, पट्टा टो बॉलला, म्हणजे ट्रॉली जोडायच्या मागच्या लोखंडी गोळ्याला, अडकवायचा, आणि ‘जोरात झटका द्या’ म्हणून ओरडायचं, पोरं शेजारी उभी राहून व्हिडिओ काढताहेत!

अहो, टो बॉल झटक्यासाठी केलेला नसतो. तो तुटला की ताणलेल्या पट्ट्याच्या टोकाला लोखंडी गोळा बांधलेली गोफण होते, आणि तो काच फोडून माणसाच्या डोक्यात जातो. यात माणसं मेलेली आहेत. ही गंमत नाही. ओढायला चेसिसला बोल्ट केलेला रेटेड पॉइंटच, म्हणजे किती ओढ सोसेल ते ठरवून दिलेला हुकच, वापरायचा. झटका द्यायचा असेल तर ताणला जाणारा कायनेटिक दोर हवा. साखळी आणि विंचचा दोर झटक्यासाठी नाहीत. झाडाला विंच लावायची तर बुंध्याला खाली रुंद पट्टा घाला, पट्ट्याची दोन्ही टोकं शॅकलमध्ये (पिनने बंद होणाऱ्या लोखंडी कडीत) घ्या, शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा सैल करा. दोर झाडाला गुंडाळून हुक त्याच दोरात अडकवू नका, तिथेच तो तुटतो. ओढ कमी पडली तर स्नॅच ब्लॉक, म्हणजे दोर दुहेरी करणारी कप्पी, लावा, वेग निम्मा होतो पण ओढ जवळपास दुप्पट. दोरावर जाड जॅकेट किंवा डॅम्पर (तुटलेला दोर उसळू न देणारं वजनी आवरण) टाका, हातमोजे घाला. इंजिन चालू ठेवा, मध्ये थांबून मोटर गार होऊ द्या. आणि लोकांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा, तुमच्या मेहुण्यालासुद्धा. ऐकत नसेल तर विंच बंद करा. आणि हे सगळं करण्याआधी फावडं घ्या, चाकांपुढचा चिखल काढा. निम्म्या वेळा विंचची गरजच पडत नाही, पण फावडं तुम्ही कधी आणता?

आज संध्याकाळी गाडी उताराच्या खाली उभी करा, वरच्या झाडाला पट्टा लावा, दोर शेवटच्या दहा वेढ्यांपर्यंत सोडा आणि हळूहळू ताणून परत गुंडाळा. रिमोट गाडीतच ठेवा, घरच्या कपाटात नाही.