साजरे करा, पण उठू नका

संस्कृती साजरी करायचे दिवस अलीकडे किती वाढलेत, याचा हिशेब एकदा मांडून बघा. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन, तो सरतो न सरतो तोच १ मे. शिवाय २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीला अख्खा एक सप्ताह. एवढं सगळं उभ्यानं साजरं करायचं म्हटलं तर माणसानं नोकरी कधी करायची? तेव्हा बसा. सोफा आहे, रिमोट आहे, आणि आपला वारसा आता बऱ्यापैकी एचडीमध्ये उपलब्ध आहे.

सुरुवात किल्ल्यांपासून करावी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यामुळे ड्रोनवाल्या माहितीपटांना तोटा नाही. ड्रोननं गड चढायला घाम येत नाही. पाचाडपासून पायऱ्या मोजायला नकोत, ताक-लिंबूपाणीवाल्या मावशींशी बोलायला नको, टकमक टोकावर कुणी टाकलेली वेफर्सची पाकिटं दिसायला नकोत. घोड्याची टाप संथ गतीत पडेल, तलवारीतून ठिणगी उडेल आणि घोगऱ्या आवाजातला निवेदक कणाकणात इतिहास असल्याचं सांगेल, तेव्हा अंगावर काटा आणायचा. या बारांपैकी जिंजी तमिळनाडूत आहे आणि राजाराम महाराजांनी स्वराज्य तिथून वर्षानुवर्षं चालवलं, हे सांगणारा भाग जरा लांबतो. तेवढ्यात चहा टाकून यावा.

भाषा दिनाला ओव्यांवरचा एखादा माहितीपट शोधा. हे प्रकरण मात्र नाजूक आहे, नीट ऐका. पडद्यावर जातं फिरतंय, बाई गातेय, खाली इंग्रजी सबटायटल्स धावतायत आणि तेवढ्यात कोपऱ्यातली आजी म्हणते, "आमच्याकडं ही अशी न्हाई म्हणत." मग ती तिच्याकडं कशी म्हणत ते म्हणू लागते. एक झाली की दुसरी. त्यात सासूचा उद्धार, माहेरची वाट, पंढरीचा विठोबा, शिवाय सख्ख्या दिराचं नाव घेऊन एक चिमटा. हे ताबडतोब थांबवा. "आजी, थोडा वेळ गप्प बस ना, आम्ही ओव्या ऐकतोय," असं प्रेमानं सांगा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या जोडप्यानं गावोगाव फिरून, बायकांच्या शेजारी बसून लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. त्यांच्याकडे बहुधा चांगला सोफा नसावा. तुमची परिस्थिती तशी नाही. आजीची ओवी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करण्याचा मोहही आवरा, कारण तिला पार्श्वसंगीत नाही. पुढंमागं कुणीतरी आजीच्याच गावी येऊन तिच्यावर माहितीपट काढेल, तेव्हा निवांत बघता येईल.

नातवंडांना शेजारी बसवायला विसरू नका. ती इंग्रजी माध्यमात आहेत, म्हणून सबटायटल्स चालू ठेवा. एपिसोड संपल्यावर 'प्राउड मराठी' असं स्टेटस टाकायचं काम त्यांच्याकडे सोपवा, म्हणजे शुद्धलेखनाचा प्रश्न येत नाही.

आता १ मे. या दिवसाला दोन बाजू आहेत, म्हणून रिमोट हातातच ठेवा. महाराष्ट्र दिनाची बाजू सोपी आहे: लेझीम, लावणी, नऊवारी, फेटे. कामगार दिनाची बाजू जरा मळकट. गिरणगावावर चांगले माहितीपट आहेत आणि ते जरूर बघा, फक्त लालबाग-परळच्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहत असाल तर पडदे ओढून घ्या. भोंगा, चाळ, खानावळ, भजनी मंडळ, नाक्यावरचा शाहीर हे सगळं पडद्यावर फार देखणं दिसतं. १९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या संपाची सुरुवात येते, तिथंपर्यंत बघायला हरकत नाही. अडीच लाख कामगारांचं पुढं काय झालं आणि जमिनींचं काय झालं, हा भाग आला की आपल्याच पार्किंगचा पत्ता ऐकू येण्याचा धोका असतो.

१४ एप्रिललाही असंच जपावं लागतं. डॉ. आंबेडकरांवर जब्बार पटेलांचा चित्रपट आहे, मामुट्टी आहेत. तो लावा, घटना लिहून होते तिथं हात जोडा आणि लाइट लावा. मात्र आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'च्या वाटेला जाऊ नका. १४ वर्षं चित्रीकरण, लांबी ३ तासांहून जास्त, हे तर आहेच. पण खरी अडचण अशी की तो घाटकोपरच्या रमाबाई नगरात १९९७ साली झालेल्या पोलीस गोळीबारापासून सुरू होतो आणि शाहिरांमागोमाग वस्त्यावस्त्यांतून फिरतो. त्यातली गाणी एवढी ताकदीची आहेत की सोफ्यावर बसून ऐकताना अवघडल्यासारखं होतं. वारसा कसा, थोडा जुना झालेला बरा. अजून रडणारी माणसं त्यात असली की साजरं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, तेच कळत नाही.

श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' घ्या. १९८८ ची, ५३ भागांची मालिका. तिच्यात नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराज होते, ती क्लिप शिवजयंतीला हमखास फिरते. त्याच मालिकेत सदाशिव अमरापूरकर जोतीराव फुले होते. ती क्लिप किती जणांकडून आली, आठवून बघा. फुल्यांना फॉरवर्ड केलं की खाली वाद सुरू होतो आणि ग्रुप अॅडमिनला सुट्टीच्या दिवशी कामाला लागावं लागतं. तुम्ही समंजस आहात.

जुन्या पिढीला हे बसून बघणं सहज जमत नसे. सरकारी फिल्म्स डिव्हिजन १९४८ पासून अनुबोधपट काढत होती, थिएटरात मुख्य सिनेमाआधी ते दाखवण्याची सक्ती होती, आणि प्रेक्षक तेवढ्यात बाहेर जाऊन वडा खाऊन येत. पूर, धरणं, कोळी, वारली, शास्त्रीय गायक, सगळं त्यात होतं. आता आपण तेच पट मोबाइलवर शोधून 'दुर्मीळ' म्हणून पाठवतो. प्रगती म्हणतात ती हीच, वडा तर आता घरपोच येतो.

राहिला जुन्या दूरदर्शनचा उमाळा. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. 'गजरा', 'आमची माती आमची माणसं', साप्ताहिकी, दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ, यांची नावं घेतली की साठी ओलांडलेला कुणीही हळवा होतो. तुम्हीही व्हा. फक्त त्यातलं नेमकं काय बघायला मिळतं ते शोधायला जाऊ नका. त्या काळी टेप महाग होत्या, एक कार्यक्रम दाखवून झाला की त्याच टेपवर दुसरा चित्रित होई, आणि पुष्कळसं असंच पुसलं गेलं. चिमणरावाचे किती भाग सापडतात ते एखाद्या रविवारी बघाच, फार वेळ जाणार नाही.

युनेस्कोनं यासाठीही एक दिवस ठेवलाय, २७ ऑक्टोबर, दृक्‌श्राव्य वारशाचा जागतिक दिवस. तो बहुतेकदा दिवाळीच्या गडबडीत येतो आणि आजवर कुठल्याही बिल्डिंग ग्रुपवर त्याच्या शुभेच्छा आलेल्या दिसत नाहीत. यंदा पहिला नंबर तुम्हीच लावा. सोबत चित्र हवं असेल तर 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'ची ती जुनी पाटी टाका. मिळाली तर. तिच्यावरही कुणीतरी दुसरं काही चित्रित केलं असण्याची दाट शक्यता आहे.