मसाई पठारावरून परत फिरवलं म्हणून दोन स्टार : आमचं उत्तर

नमस्कार सर. पन्हाळा ते मसाई पठार ट्रेकबद्दल तुम्ही लिहिलंय की पैसे पूर्ण घेतले, पण पांडवदरा ही लेणी न दाखवताच परत फिरवलं, फुलांत फोटो काढू दिले नाहीत, वाटाड्या आवाज चढवून बोलला, आणि जिथं गाडी जाते तिथं उगाच चालवलं. झुणका-भाकरी आणि खर्डा आवडला हेही लिहिलंत, ते मावशींना वाचून दाखवलं.

आधी परत फिरण्याचं बघू. मोबाईलच्या नकाशावर पांडवदरा जवळच दिसत होता म्हणता. दिसणारच. पण मध्ये कडा आहे का ओहोळ, हे त्या रेघेला काय ठाऊक? मसाई पठार म्हणजे जांभ्याचं लांबच लांब सपाट. गुरांच्या वाटा चहूकडं फुटलेल्या, आणि धुक्यात सगळ्याच खऱ्या वाटतात. त्या दिवशी देवीच्या देवळापुढं गेल्यावर ओळीतल्या पहिल्या माणसाला शेवटचा दिसेना. शिट्टी मारली तर वाऱ्यात ती कुठनं येतीय तेच कळेना. तेवढ्यात तुमच्यातलाच एक पोरगा ‘दरी बघून येतो’ म्हणून बाजूला निघाला. वाटाड्यानं त्याला दंडाला धरून मागं आणला, आणि आवाज चढला तो तिथं. पठाराखालच्या वाडीतला माणूस आहे तो, तिथंच गुरं राखत मोठा झालाय. तो ‘आता नको’ म्हणाला की मीसुद्धा वाद घालत नाही. उद्या तसंच धुकं आलं तर उद्याही परतच फिरणार.

गाडी, नाश्ता, जेवण, वाटाड्याची मजुरी हा खर्च त्या दिवशी झालाच. हवामानामुळं वाट आखडली तर परतावा नाही, हे बुकिंगच्या मेसेजमध्ये लिहिलेलं असतं.

पठारावर गाडी जाते, खरंय. पण 1660 च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरनं विशाळगडाकडं निघाले ते राजदिंडीतून, म्हणजे गडाच्या छोट्या दरवाजातून, भर पावसात, रात्री. त्याच राजदिंडीनं उतरून तुरुकवाडीवरनं पठार चढायचं, यासाठीच तर आमच्याकडं लोक येतात. नुसतं पठार बघायचं असेल त्यांनी खुशाल गाडीनं जावं, रस्ता आम्हीच सांगू. फुकट.

आणि फुलं. खडकावर माती अगदी पातळ असते आणि तिच्यात कस नसतो. ती निळी-जांभळी सीतेची आसवं दिसली ना, ती बारीक किडे पकडून आपली गरज भागवतात. अशा ठिकाणी रीलसाठी कुणी लोळलं की तो तुकडा चेंदून जातो. मसाई पठार आता संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालंय, पण नसतं झालं तरी आम्ही अडवलंच असतं. पायवाटेवर उभं राहून हवे तेवढे फोटो काढा, त्याला कुणी नको म्हटलेलं नाही.

पांडवदरा बघायचाच असेल तर पाऊस उघडल्यावर, दिवाळीनंतर या. तुमच्या बॅचमधल्या कुणाकडूनही फक्त गाडीचे आणि जेवणाचे पैसे घेऊ. गाडी रंकाळ्यावरनं पहाटे सहालाच सुटते. आणि येताना तेवढे फ्लोटर्स घरी ठेवून बूट घाला.