सुपर ऑडिओ सीडीच्या आवाजाविषयी खुलासा

मुंबईतील संगीतसंग्राहकांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे. जुना अल्बम सुपर ऑडिओ सीडीवर (साध्या सीडीपेक्षा अधिक तपशिलाने आवाज साठवणाऱ्या डिस्कवर) आला की त्याचा आवाज आपोआप सुधारतो आणि साध्या सीडी प्लेअरवरही तोच दर्जा मिळतो, असे त्यात म्हटले आहे. यातील दुसरे विधान साफ चुकीचे आहे. साध्या प्लेअरवरही चालणाऱ्या सुपर ऑडिओ सीडीला हायब्रिड डिस्क म्हणतात आणि तिच्यात दोन थर असतात: एक सुपर ऑडिओचा, दुसरा साध्या सीडीचा. साध्या प्लेअरचा ७८० नॅनोमीटरचा लेझर सुपर ऑडिओच्या अर्धपारदर्शक थरातून आरपार जाऊन लेबलालगतचा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा नेहमीचा सीडी थरच वाचतो.

पहिले विधानही जसेच्या तसे मान्य करता येत नाही. मेयर आणि मोरन या ध्वनिअभ्यासकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, अशाच डिस्कचा आवाज सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवला असता, नेहमीच्या आवाजपातळीवर श्रोत्यांना फरक ओळखता आला नाही. मात्र या डिस्कचे मास्टरिंग (मूळ ध्वनिमुद्रणावरून डिस्कसाठी अंतिम प्रत तयार करण्याचे काम) अनेकदा अधिक काळजीने केलेले असते, हेही त्यांनीच नोंदवले आहे (आणि खरी मेख तिथेच आहे). तेव्हा लॅमिंग्टन रोडवर महागडा प्लेअर घेण्याआधी, मास्टरिंग कोणी व कोणत्या टेपवरून केले, हे डिस्कसोबतच्या पुस्तिकेत पाहावे.