आत्ता तर लागतीय की!

काल रात्री आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बी विंगमधल्या काकांचा मेसेज पडला. 'सी-२०४ यांच्या मोटारीच्या दिव्यातील दोष अखेर मी शोधून दिला आहे. सर्वांच्या माहितीसाठी.' खाली टाळ्या, अंगठे, गुलाबाची फुलं. दोघातिघांनी मेसेज न वाचताच वाढदिवसाच्या शुभेच्छाही देऊन टाकल्या. सी-२०४ म्हणजे मी. थकबाकीदारांच्या यादीत असतो तसा नुसता फ्लॅट नंबर, नाव नाही. बॉनेटमध्ये वाकून कंबर माझी गेली, नखांतलं ग्रीस अजून निघालेलं नाही, आणि गुलाब काकांना.

गाडी २००३ची. पंधरा वर्षं भरल्यावर पर्यावरण कर भरून आरसी पाच वर्षांनी वाढवून घेतली, ती पाच संपल्यावर पुन्हा. तर तिची ड्रायव्हर साइडची हेडलाइट मनात आलं की लागायची. कायमची गेली असती तर कटकट नव्हती, बल्ब बदलला की विषय संपला. ही खड्ड्यात जायची आणि पुढच्या स्पीडब्रेकरला परत यायची. वाईहून पाचगणीला जाताना पसरणीच्या घाटात अशी गेली की बाहेरच्या वळणावर माझी गाडी म्हणजे नुसती डावी हेडलाइट उरली. वरून येणाऱ्याला वाटलं मोटारसायकल आहे. तो आपला मजेत माझ्या अंगावर. शेवटच्या क्षणी त्याला कळलं की मोटारसायकलला उजवीकडे अजून चार फूट पत्रा आहे. जाताना तो काच खाली करून जे बोलला, ते चूक होतं असं म्हणता येणार नाही.

गॅरेजच्या दारात उभी केली की मात्र हीच हेडलाइट लख्ख. इलेक्ट्रिशियन कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "आत्ता तर लागतीय की!" जणू मी बिनकामाचा त्याच्याकडे गप्पा मारायला येतो. मग तो टेस्ट लॅम्प काढायचा, बल्बचं सॉकेट उपसून त्यात खुपसायचा, लॅम्प पेटायचा. "करंट येतोय, साहेब. बल्ब टाकून बघू." बल्ब टाकला. मग होल्डर टाकून बघू. होल्डरची एक पिन तपकिरी पडली होती, म्हणून तेवढं मी मान्य केलं. मग रिले (मुख्य स्विचच्या इशाऱ्यावर दिव्यांकडे करंट सोडणारा छोटा स्विच) टाकून बघू. मी म्हटलं, अहो, या गाडीत दोन्ही हेडलाइटना रिले एकच आहे, स्विच एकच आहे, आणि डावी आजवर एकदाही गेलेली नाही. मग दोष रिलेत कसा? त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "तरी पण टाकून बघू."

या 'टाकून बघू'चं मला मनापासून दुखतं. टाकणार तो, बघणार तो, पैसे माझे. पूर्वी पेठेतले म्हातारे इलेक्ट्रिशियन वायर दोन बोटांत धरून शेवटपर्यंत जायचे. आता कुणालाच शोधायचं नसतं, सगळ्यांना बदलायचं असतं. नाना पेठेत वायरच्या टोकाला लावायची एक साधी लग मागितली तर दुकानदार हेडलाइटची आख्खी असेंब्ली काउंटरवर ठेवतो. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने तर सगळं वायरिंगच नवीन करू म्हणून सांगितलं. त्याने बॉनेट उघडलंही नव्हतं. मधल्या काळात सिग्नलला हवालदाराने बाजूला घेतलं, एक हेडलाइट बंद म्हणून. तो मला नियम समजावून सांगत असताना शेजारून टपावर पांढऱ्या एलईडीची पट्टी पेटवलेली जीप गेली. आम्ही दोघांनीही डोळ्यांवर हात घेतला. ती गेल्यावर त्याने नियम पुढे चालू केला.

तर मी ठरवलं, आपणच बघू. माझ्या पार्किंगसमोर भिंत नाही, मधला रस्ता आहे आणि पलीकडे काकांची तळमजल्याची गॅलरी. सीटवर बसून स्विच हलवायचा तर हेडलाइटकडे बघायला समोर कुणीतरी हवं. काका गॅलरीत होतेच. बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. ते स्लीपर घालून, हात मागे बांधून गाडीपुढे येऊन उभे राहिले.

"काका, लागली का?"

"कुठली?"

"ड्रायव्हर साइडची."

"ड्रायव्हर कोण?"

"मीच, काका."

"मग तुझ्या बाजूची म्हण ना. ड्रायव्हर ठेवल्यासारखं काय बोलतोस?"

"बरं, माझ्या बाजूची. उजवी."

काकांनी उजवीकडे मान वळवली. "उजवीकडे वॉचमनची सायकल आहे."

"तुमची उजवी नाही हो, माझी उजवी."

"अरे, मी इथे उभा आहे. मला माझंच उजवं दिसणार. आयुष्यभर काउंटरच्या आत बसलो. समोरच्याचं डावं-उजवं करत बसलो असतो तर संध्याकाळी कॅश जुळली नसती."

"काका, दोन्हीतली कुठलीही सांगा. लागली?"

"लागली."

"नक्की?"

"होती."

"होती म्हणजे?"

"तू विचारलंस तेव्हा होती. मी उत्तर देईपर्यंत गेली. आता आली. मी काय सांगू? मी खोटं बोलणार नाही."

मग असं ठरलं की लागली की काकांनी हात वर करायचा, गेली की खाली. खांदा धरलेला असल्यामुळे उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. डाव्या हातात मोबाइल होता. तेवढ्यात तो वाजला आणि काका जावयाशी एफडीच्या व्याजदरावर बोलू लागले. बोलताना त्यांना हातवारे करायची सवय आहे. हात वर, हात खाली, हात वर. मी आपला स्विचवर अंगठा ठेवून प्रत्येक हाताचा अर्थ लावतोय. बऱ्याच वेळाने फोन ठेवून ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "हं, आता सुरू कर. मी मोकळा आहे."

एवढ्यात गॅलरीतून काकूंचा आवाज आला. "त्याला म्हणावं, आधी ते डोळा मारणं बंद कर."

काकांनी घसा साफ केला. "हां, ते राहिलंच. आमची ही म्हणते, तुझी गाडी रोज संध्याकाळी आत वळताना तिला डोळा मारते."

"माझी गाडी?"

"मोठा डोळा नाही," काकू कठड्यावरून वाकून म्हणाल्या. "त्याच्या खालचा बारका दिवा. पिवळा दिवा लुकलुकतो ना वळताना, तर हा पण त्याच्याबरोबर लुकलुकतो. त्याच बाजूचा. पलीकडचा गप असतो."

इतके दिवस पैसे मोजून जे कुणी सांगितलं नव्हतं, ते काकूंनी कोथिंबीर निवडता निवडता सांगितलं.

त्या कोपऱ्यातली हेडलाइट, पार्किंगचा बल्ब आणि इंडिकेटर, तिघांचं अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वाट, माझ्या गाडीत एकाच बोल्टवर आहे. तो गंजला की करंट येतो, पण परत जायला वाट नसते. मग तो शेजारच्या बल्बमधून वाट काढायला बघतो, आणि इंडिकेटरबरोबर पार्किंगचा बल्बही लुकलुकतो. इलेक्ट्रिशियनच्या टेस्ट लॅम्पची चिमटी दर वेळी थेट बॅटरीच्या मायनसला असायची. म्हणजे येणाऱ्याची चौकशी चोख, जाणाऱ्याची कुणी केलीच नाही. मी मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवला, काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन होल्डरच्या अर्थिंगला, आणि हेडलाइट चालू. ती चालूच हवी, कारण करंट वाहत नसेल तर गंजका सांधाही निर्दोष दिसतो. इथे आकडा शून्याच्या आसपास हवा, फार तर एक-दोन दशांश. माझा तीनच्या वर उड्या मारत होता. बाराच्या बॅटरीतले तीन व्होल्ट वाटेतच खलास! हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तरी उजेड साधारण तीस टक्क्यांनी पडतो, मग पाव व्होल्टेज गेल्यावर ६०/५५ वॉटचा बल्ब करणार काय?

दहा नंबरचा पाना लावून बोल्ट काढला. खाली तांबड्या गंजाची पापडी. पत्रा आणि लग पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले, बोल्ट आवळला, वर थोडी पेट्रोलियम जेली. खर्च म्हणजे एक पॉलिश पेपर. काका टॉर्च धरून उभे होते, आणि त्याचा झोत पूर्ण वेळ माझ्या कानावर होता. या सहभागाचा तो मेसेज. त्यात काकूंचं नाव नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. मी ग्रुपवर 'श्रेय काकूंचं' असं लिहिलं. त्यावर सेक्रेटरींनी कळवलं की ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे.

आज सकाळी फोकस सेट करायला त्याच इलेक्ट्रिशियनकडे गेलो. खोलाखोलीत झोत थोडा वर गेला होता, आणि समोरच्याला आंधळं करणाऱ्यांत मला जायचं नव्हतं. त्याला मुद्दाम सविस्तर सांगितलं. ऐकून म्हणाला, "मी म्हटलंच होतं, अर्थिंग असणार." मग गाडी शटरसमोर उभी करून, एक डोळा मिटून, स्क्रू थोडा इकडे थोडा तिकडे फिरवला. दीडशे रुपये. वर म्हणाला, "काच पिवळी पडलीय, साहेब. असेंब्लीच टाकून बघू."

मी म्हटलं, ते राहू दे, तो आधीचा रिले परत घे, त्याची गरजच नव्हती. त्याने काही न बोलता शटरवरच्या पाटीकडे बोट केलं. 'इलेक्ट्रिक माल परत घेतला जाणार नाही.' माझ्या हेडलाइटच्या उजेडात अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसत होतं.