प्रेरणेचा रकाना

सबमिशनच्या, म्हणजे वर्गात सरांकडे तपासायला द्यायच्या, प्रत्येक चित्राच्या पाठीवर एक छापील पट्टी चिकटवावी लागते. नाव, वर्ग, माध्यम, आकार आणि सगळ्यात खाली चार ओळींचा ऐसपैस रकाना : ‘प्रेरणास्रोत’. ‘जलरंग’ आणि ‘हाफ इम्पीरियल, १५ × २२ इंच’ इथपर्यंत पेन भराभर चालतं. शेवटच्या रकान्याशी आलं की ते दमलेल्या बैलासारखं फतकल मारतं.

कारण खरं उत्तर लिहिण्यासारखं नसतं. नाशिकच्या गोदाघाटावर प्रेरणेचा तुटवडा मुळीच नाही, ती पायरीगणिक पडलेली आहे. १७४७ सालचं नारोशंकराचं देऊळ आहे, रामकुंड आहे, बुधवारच्या बाजाराच्या ताडपत्र्या आहेत, आणि अंगावर पाणी कुठवर चढलं यावरून ज्याच्याकडे बघत सगळं गाव पूर मोजतं तो दुतोंड्या मारुती आहे. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी नाशिक इतकं रंगवून ठेवलंय की कुठेही स्टूल मांडलं तरी आपण कुणाच्या तरी चित्रात आगंतुकासारखे बसलोय असं वाटतं. अडचण एवढीच की जिथून हे सगळं झकास दिसतं, तिथे ऊन असतं.

आणि उन्हात जलरंग होत नाही. हा नाजूकपणा नव्हे. कागदावर थेट ऊन पडलं की तो असा लखलखतो की लावलेला प्रत्येक रंग फिकाच वाटतो. मग आपण गडद, आणखी गडद लावत सुटतो, आणि घरी ट्यूबलाइटखाली बघावं तर सकाळचा घाट अमावास्येचा झालेला असतो. म्हणजे सावली हवी, तीही माझ्यावर आणि बोर्डवर दोघांवर, आणि निदान तीन तास. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. नऊ वाजता अंगभर असलेली सावली अकराला फक्त चपलांवर उरते.

छळ तसा आदल्या रात्रीच सुरू होतो. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड कॉटन कागद चार क्लिपांवर निभावून नेतो, पण तो परवडणाऱ्यांचा. आमच्या वाट्याला २०० जीएसएमचा येतो, आणि तो ओला झाला की तळणीतल्या पापडासारखा फुगतो. रंग खळग्यांत जाऊन बसतो आणि सपाट आकाशाला पत्र्याच्या छपरासारख्या पन्हाळ्या पडतात. त्यावर उपाय म्हणजे कागद टबात पाचेक मिनिटं बुडवायचा, कोपऱ्याला धरून निथळवायचा, प्लायच्या बोर्डवर पसरायचा आणि चारी कडांना पाणी लावून चिकटणारी ब्राऊन गम टेप मारायची. मास्किंग टेप चालत नाही, ती ओल्या कागदाला धरतच नाही. मग बोर्ड आडवाच ठेवून रात्रभर वाळू द्यायचा. उभा केला तर पाणी खाली उतरतं, वरची बाजू आधी आखडते आणि खालची ओली टेप हात सोडून देते. घाईने हेअर ड्रायर मारला तरी तोच निकाल. नीट जमलं तर सकाळी कागद डफासारखा वाजतो. नाही जमलं तर त्याचा आवाज रात्री दोनच्या सुमाराला येतो, ‘टर्र’.

घाटावर पोचल्यावर आधी पेन्सिल. घडीचं स्टूल फूटभर उंच, म्हणजे बसलेल्याचा डोळा जमिनीपासून साडेतीन फुटांवर. त्यामुळे समोरच्या सपाट फरशीवर उभ्या असलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला, तो जवळ असो की लांब, क्षितिजरेषा, म्हणजे चित्रातली डोळ्याची पातळी, कमरेच्या आसपासच कापते. हे विसरलं की लांबचे गुरुजी हवेत तरंगू लागतात. पायऱ्यांचा घोळ याहून मोठा. डोळ्याच्या पातळीच्या वरच्या पायऱ्यांचा फक्त उभा भाग दिसतो, सपाट माथा दिसतच नाही. मी मात्र तो काढतोच, कारण पायरीला पाय ठेवायला जागा असते हे मला लहानपणापासून माहीत आहे. चित्र बिघडतं ते न दिसल्यामुळे कमी, माहीत असल्यामुळे जास्त. शिवाय सगळ्या पायऱ्या मोजून काढणाऱ्याचा घाट चारेघी वहीसारखा दिसतो. दोन-तीन ठिकाणी कडा ठसठशीत काढून बाकीचं मोघम सोडलं की बघणाऱ्याचा डोळा उरलेल्या पायऱ्या फुकटात बांधून देतो.

मग पाणी. इथून पुढे चित्रकार मालक राहत नाही.

बोर्डच्या वरच्या कडेखाली चारेक इंचांचा डबा सरकवला की उताराचं काम होतं. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, मोठ्या ब्रशने आडव्या पट्ट्यांत लावायचा. प्रत्येक पट्ट्याच्या खालच्या कडेशी रंगाचं पाणी थबकून राहतं, पुढचा पट्टा ते उचलून खाली नेतो. तळाशी आल्यावर ब्रश फडक्याला पुसून ते उरलेलं पाणी टिपून घ्यायचं. टिपलं नाही तर आकाश वाळायला लागल्यावर ते उलटं वर चढतं, पुढचा रंग ढकलत नेतं आणि थांबतं तिथे दातेरी कडेचा डाग पडतो, हुबेहूब फ्लॉवरचा गड्डा. बुधवारच्या बाजाराच्या चित्रात तो एक वेळ खपून जातो, देवळाच्या कळसावर नाही.

सगळी विद्या कागदाची चमक ओळखण्यात आहे. मान तिरकी करून कागदाकडे आडवं बघायचं. आरशासारखा चमकत असेल तर दुसरा रंग सोडला की तो हवा तसा पळतो. चमक मऊ, साटिनसारखी झाली की ढगाच्या कडा, धूर, लांबची झाडी, सगळं आत्ताच. हातात मिनिटभर असतं. चमक गेली पण कागद अजून दमट आहे, तेव्हा हात मांडीखाली घालून बसावं. नेमका याच वेळी मला एक पक्षी सुचतो. ओल्या ब्रशने तो टेकवला की दमट कागद जास्तीचं पाणी शोषून फ्लॉवरचा दुसरा गड्डा उगवतो. वाळलंय का, हे बोटाने बघायचं नाही, बोटाचं तेल कागदाला लागतं. हाताची पालथी बाजू कागदाजवळ न्यायची. गार वाटलं तर आत पाणी आहे. मे महिन्यात ही सगळी स्थित्यंतरं दोन-तीन मिनिटांत उरकतात, म्हणून कागद मागूनही भिजवून घेतात. जुलैत अर्धा तास झाला तरी आकाश ओलंच, आणि तोवर खरं आकाश येऊन पडतं.

रंगांबद्दल थोडक्यात. दगडाचा करडा अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, या दोघांतून निघतो; सिएना जास्त तर उन्हातला दगड, निळा जास्त तर सावलीतला. दोन रंगांवर थांबणाऱ्याचं भलं होतं. तिसरा मिसळला तर बघू म्हणावं, चौथा घातला की पॅलेटमध्ये पुरानंतरचा गाळ. शिवाय जलरंग वाळल्यावर एक पायरी फिका होतो, म्हणून ओला असताना भडक वाटेल इतका लावायचा आणि छातीठोकपणे गप्प बसायचं. पांढरा रंग ट्यूबमधून येत नाही, तो कागदातच असतो. धोतर, कबुतर, स्टीलच्या भांड्यावरची तिरीप, एवढं आधी ठरवून कोरं सोडावं लागतं. विसरलो तर पोस्टर व्हाइटचा ठिपका देता येतो. तो चोरी लपवायला लावलेल्या ठिगळासारखा दुरूनच ओळखू येतो. पाण्यातल्या प्रतिबिंबात गडद देऊळ जरा फिकं आणि पांढरं धोतर जरा मळकं दिसतं, हेही तिथेच बसून कळतं.

बघे येतात ते बरोबर पहिला वॉश झालेल्या आणि गडद छटा न लागलेल्या वेळी. त्या अवस्थेत कुणाचंही चित्र चहा सांडल्यासारखंच दिसतं. “बाळ, हे नेमकं काय आहे?” असं एक आजोबा प्रेमाने विचारतात. देवळाच्या दाराचा काळोख, कमानीखालची सावली, माणसांच्या पायांतला गडद रंग, असे आठ-दहा फटकारे पडले की घाट एकदम उभा राहतो. तोवर आजोबा घरी जाऊन जेवलेले असतात.

आता रकाना. तिथे ‘नदीचं चिरंतन वाहणं’ लिहिता येतं, वर्गातल्या निम्म्यांनी लिहिलेलं असतं. पण माझ्या नऊ चित्रांत नारोशंकराचं देऊळ एकाच कोनातून, डावीकडून अर्धं कापलेलं दिसतं, याचा खुलासा नदीकडे नाही. तीन तास टिकेल असा आडोसा त्या एकाच भिंतीचा आहे. म्हणून चार ओळींच्या जागेत मी तीन अक्षरं लिहितो : ‘सावली’. सर चष्मा वर करून वाचतात, मान डोलावतात आणि शेजारी लाल पेनाने लिहितात, ‘छाया-प्रकाशाचा विचार चांगला.’