उपरण्याखालचा भाव आणि हातोड्याचा भाव

दत्तजयंती तोंडावर आली की शहाद्यात आमच्या कट्ट्यावर घोड्याशिवाय विषय नसतो. सारंगखेडा आमच्याच तालुक्यातलं. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिथंच घोडेबाजारही. यंदा बंडूनं वरातीसाठी घोडा घ्यायचं मनावर घेतलंय.

"पण बाजाराची पद्धत काही पटत नाही," तो म्हणाला. "उपरण्याखाली बोटं दाबून गुपचूप भाव ठरवायचा, दलाल दोन्हीकडून खाणार. त्यापेक्षा लिलाव बरा. माईकवर, चारचौघांत, जो भाव येईल तो खरा."

तात्यांनी चहा बशीत ओतला. "लिलावात दोन-तीन मिनिटं फिरवतात रिंगणात. तेवढ्यात घोडा कळतो? इथं दात बघ, वर बसून रवाल चाल (हिसका न देणारी, झपझप) बघ, रात्री दावणीला कसा उभा राहतो ते बघ."

"तसं नाही हो," डॉक्टर मध्ये पडले. (जनावरांचेच डॉक्टर, त्यामुळे घोड्याच्या बाबतीत त्यांचं ऐकावं लागतं.) "मोठ्या लिलावांत पायांचे एक्स-रे आधीच बघायला ठेवतात. लाकूड चावून वारा गिळायची खोड असेल तर विकणाऱ्यानं ती सांगावी लागते. पण उघड भाव म्हणशील तर तेही पूर्ण खरं नाही. राखीव किंमत, म्हणजे विकणाऱ्यानं ठरवलेला किमान भाव, येईपर्यंत लिलाववाला विकणाऱ्याच्याच वतीनं आकडा चढवू शकतो. समोर दुसरं गिऱ्हाईक असेलच असं नाही."

बंडूचा चेहरा जरा पडला. डॉक्टर रंगात आले. 2006 साली फ्लोरिडात 'द ग्रीन मंकी' नावाचं दोन वर्षांचं शिंगरू विक्रीला आलं. आधीच्या चाचणीत त्यानं एक फर्लांग (सुमारे 200 मीटर) 9.8 सेकंदांत मारला होता. आयर्लंडच्या कूलमोर या घोडे पैदास करणाऱ्या बड्या कंपनीची माणसं आणि दुबईच्या शेखची माणसं एकमेकांना भिडली, आणि हातोडा पडला 1 कोटी 60 लाख डॉलरवर. घोडा उभ्या जन्मात तीन शर्यती धावला, एकही जिंकला नाही. बक्षिसाची एकूण कमाई दहा हजार डॉलरच्या आसपास.

"म्हणजे भाव घोड्याचा नव्हताच," तात्या म्हणाले. "दोन श्रीमंतांच्या ईर्ष्येचा."

"बरं, मग उलटं घ्या," बंडू उसळला. त्यानंही मोबाइलवर वाचून ठेवलं होतं. "सिॲटल स्ल्यू नावाचा शर्यतीचा घोडा. 1975 साली लिलावात साडेसतरा हजार डॉलरला गेला, पुढचा पाय जरा बाहेर वळलेला म्हणून. 1977 ला तोवर एकही शर्यत न हरता ट्रिपल क्राउन, म्हणजे अमेरिकेतल्या तीन मोठ्या शर्यतींचा मान, घेतला! स्वस्तात हिरा लिलावातच मिळाला ना?"

"मिळाला. पण विकणाऱ्याला विचार लिलाव कसा वाटला ते," तात्या म्हणाले.

आता बंडूनं खरा टोला हाणला. "आणि तात्या, तुमचा बाजार काय अकलेनं चालतो? गळ्याखाली देवमण, म्हणजे शुभ मानलेला केसांचा भोवरा, दिसला, चार पाय नि कपाळ पांढरं, पंचकल्याणी निघाला, की वाढव भाव. केसांच्या भोवऱ्यावर पैसे लावता आणि एक्स-रेला नावं ठेवता!"

तात्या गप्प. मला हे दृश्य फार आवडलं, कारण देवमणावर बोलायला लागले की ते कुणाच्या बापाला आवरत नाहीत.

शेवटी डॉक्टरांनी 'स्नोमॅन' नावाच्या घोड्याची गोष्ट काढली. 1956 साली पेनसिल्व्हेनियात हॅरी डी लेयर नावाचा रायडिंग मास्तर लिलावाला उशिरा पोचला. उरलेले घोडे कत्तलखान्याच्या ट्रकात चढलेले. त्यातला एक करडा, पूर्वी नांगर ओढलेला घोडा त्यानं 80 डॉलरला उतरवून घेतला. पुढे शेजारच्या डॉक्टरला दुप्पट किमतीत विकलाही. घोडा कुंपणावरून उड्या मारून परत मास्तराच्या दारात! 1958 मध्ये तोच न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उड्यांच्या स्पर्धेचा विजेता झाला.

"बघ, लिलाव संपल्यावर जावं," तात्यांना पुन्हा कंठ फुटला.

"मला उड्या मारणारा नकोय हो!" बंडू वैतागला. "वर नवरदेव बसणार आहे. बँड वाजला, सुतळी बॉम्ब फुटला, तरी जागचा न हलणारा पाहिजे."

"ते एक्स-रेत दिसत नाही, देवमणातही नाही," डॉक्टर म्हणाले. "बाजारात जाताना ढोलवाला बरोबर घेऊन जा."

मग ढोलवाल्याच्या सुपारीचे पैसे कुणी द्यायचे यावर वाद सुरू झाला, आणि चहाचे पैसे पुन्हा माझ्याकडेच आले.