‘भारताने सहीच केलेली नाही’ म्हणून कामगाराला हक्कच नाही?

1 मे जवळ आला की एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: युनियनचा हक्क हे परदेशी खूळ, त्या आंतरराष्ट्रीय करारांवर भारताने सहीच केलेली नाही, तेव्हा ते इथे लागू नाहीत, युनियननेच मुंबईच्या गिरण्या बुडवल्या, आणि चांगल्या कंपनीत युनियन लागतच नाही. यंदा तो मला माझ्या भाच्याने पाठवला. भाचा चाकणला कंत्राटी कामगार आहे, म्हणून हे लिहायला बसले.

आधी सहीचं बघू, कारण त्यात अर्धं खरं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे, म्हणजे आयएलओचे, यावर दोन मुख्य करार आहेत. 1948चा करार क्रमांक 87 सांगतो की कामगाराला कुणाची आगाऊ परवानगी न घेता स्वतःच्या पसंतीची संघटना काढता आली पाहिजे. 1949चा क्रमांक 98 सांगतो की युनियनमध्ये आहे म्हणून कुणाला कामावरून काढता येणार नाही. दोन्हींना भारताने मंजुरी दिलेली नाही, खरं आहे. पण का? सरकारने याचं मुख्य कारण दिलंय ते सरकारी नोकरांपुरतं आहे: त्यांना संपाची आणि सरकारी धोरणावर उघड टीकेची मुभा द्यावी लागेल, आणि सेवानियमांत ती बसत नाही. कारखान्यातल्या फिटरचा नि गोदामातल्या हमालाचा त्या कारणाशी काय संबंध?

आणि मंजुरी नाही म्हणजे बंधन नाही, हेही चूक. संघटना-स्वातंत्र्याचा मान राखणं ही सभासद असण्यातूनच येणारी जबाबदारी आहे, करार मंजूर केलेला असो वा नसो, असं आयएलओच्या 1998च्या जाहीरनाम्यात स्वच्छ लिहिलंय. त्यांची 1951पासूनची संघटना-स्वातंत्र्य समिती मंजुरी न दिलेल्या देशांविरुद्धच्या तक्रारीही ऐकते. शिवाय 1979मध्ये भारत संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक-सामाजिक हक्कांच्या करारात सामील झाला. त्याच्या कलम 8मध्ये युनियनचा आणि देशाच्या कायद्यानुसार संपाचा हक्क आहे. हे कलम आपल्या घटनेच्या कलम 19शी सुसंगत लावू, अशी पुस्ती भारताने जोडली. ठीक आहे, पण संघटना स्थापण्याचा हक्क त्याच कलम 19मध्ये आहे! संप हा मूलभूत हक्क नाही असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, ते मान्य. संघटना मात्र आहे.

परदेशी खूळ? नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती 1890मध्ये, आयएलओ जन्मायच्या 29 वर्षं आधी. 1926चा ट्रेड युनियन कायदा आला तो ना. म. जोशींनी कायदेमंडळात लावून धरला म्हणून. लोअर परळच्या ज्या रस्त्यावरून आज लोक ऑफिस गाठतात, त्याला त्यांचंच नाव आहे.

आता गिरण्या. माझे वडील बदली कामगार होते. बदली म्हणजे पाळीच्या वेळी डबा घेऊन गेटवर उभं राहायचं. कुणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर घरी. डबा न उघडता परत आला की आई काही विचारायची नाही, ताटं वाढायला घ्यायची.

या बदलीवाल्यांना कायम करा, पगार वाढवा, या मागण्यांबरोबर 1982च्या संपात आणखी एक मागणी होती आणि मेसेजवाले ती कधीच सांगत नाहीत: 1946चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा. त्या कायद्याने मुंबईच्या गिरण्यांत बोलणी करायचा हक्क एकाच ‘प्रातिनिधिक’ युनियनला होता, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. 18 जानेवारीला अडीच लाखांच्या आसपास कामगार युनियन नेते दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले, तरी त्यांच्या वतीने टेबलाशी बसायचा अधिकार सामंतांना नव्हता. करार 87मधले ‘स्वतःच्या पसंतीची’ हे शब्दच त्या लोकांना नाकारले गेले होते. सामंतांचे अंदाज चुकले, संप फार ताणला गेला, हे मीही म्हणते. पण ज्याला कामगार मानतात त्याच्याशी बोलायची सोयच कायद्यात नसेल, तर तोडगा निघणार कसा? शिवाय यंत्रं जुनी झाली होती आणि कापड भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकत होतं, ते संपाच्या आधीपासून. पुढे 1991च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी झाली. कापडापेक्षा जागेत पैसा दिसू लागल्यावर माग कोण चालवणार?

राहिली ‘चांगली कंपनी’. गेल्या वर्षी भाच्याच्या लाइनवरच्या सहा जणांनी ओव्हरटाइमच्या पैशांसाठी एकत्र अर्ज दिला. दुसऱ्याच आठवड्यात पहिली सही करणाऱ्याचा गेटपास बंद झाला. भाच्याची सही चौथी होती. एकत्र येणाऱ्या कामगारांवर असा दबाव आणणं ही महाराष्ट्राच्या 1971च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा ठरवलेली आहे. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मेसेज वाचून मी त्याला फोन केला. त्या अर्जाची झेरॉक्स ठेवलीयस का, विचारलं. आहे म्हणाला.